सांधेदुखी, कंबरदुखी व औषधावाचून त्यांचा परिहार

काटोल तालुक्यातील कोणाही बागाईतदारास त्याची जिंदगी विचारावी, तर तो संत्र्याची झाडे, विहिरी, बैल, ट्रॅक्टर यांची मोजदाद बोटांवर करून सांगेल. परंतु ज्या दोन गुडघ्यांवर आणि एका कमरेवर ही सर्व जिंदगी उभी आहे, त्यांस तो त्या यादीत घेणार नाही. सातबाराच्या उताऱ्यात पिकास रकाना आहे, पडीतास आहे, विहिरीस आहे. मालकाचे गुडघे गेल्यामुळे अमुक जमीन यंदा मक्त्याने दिली, हे लिहिण्यास मात्र कोठेच जागा नाही. महसूल खात्याच्या कारकुनीत आमचे आयुष्य गेले. त्या काळात पीकपेऱ्याच्या नोंदींआड अशी कितीतरी प्रकरणे आमच्या नजरेखालून गेली. कागदावर कारण निराळे असे. चौकशीअंती ते बहुधा 'उठवत नाही, बसवत नाही' या चार शब्दांत निघे.

म्हणून हा विषय शेतकी मासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. बैलाच्या खांद्यास सूज आली म्हणजे धनी त्यास काही दिवस जुवाखाली घालीत नाही; खांद्यास तेल-हळद लावतो आणि मुख्य म्हणजे जू तपासतो. तोच धनी स्वतःच्या सांध्यांविषयी इतका बेफिकीर असतो, की जू तपासण्याचा विचार त्याच्या मनास शिवतही नाही. तो सरळ गोळीकडे वळतो.

गोळीने दुखणे दबते, यात शंका नाही. आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडे दिवस ती घेण्यात आम्ही दोषही मानीत नाही. दोष आहे तो रोजच्या सवयीत. उपाशीपोटी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरास व्रण पडतात व त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण पडतो. वैशाखाच्या उन्हात घाम गाळून शरीरातील पाणी आटलेले असता घेतलेली गोळी मूत्रपिंडास अधिकच जाचते, ही गोष्ट शेतात राबणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी. आपल्या शिवारातून गिधाडे नाहीशी झाली, ती कशाने, हे पुष्कळांस ठाऊक नाही. दुखण्याखुपण्यासाठी गुरांना डायक्लोफिनॅक देत असत. अशा मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले आणि २०२३ साली त्याच जातीची ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन ही दोन औषधेही जनावरांसाठी बंद झाली. माणसाचे शरीर गिधाडाहून निराळे आहे, हे खरे. परंतु जे द्रव्य एका जीवाच्या मूत्रपिंडास इतके घातक, ते चणे-फुटाण्यासारखे खिशात बाळगावे, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

याहून वाईट प्रकार पुडीचा. आठवडी बाजारात किंवा गावोगाव हिंडून कोणी 'वाताची पुडी' विकतो. ती घेताच तिसऱ्या दिवशी म्हातारा माणूस उड्या मारू लागतो, आणि ही जडीबुटी आहे म्हणून सारा गाव तिच्यामागे लागतो. अशा पुड्यांतून स्टेरॉइड जातीचे तीव्र औषध मिसळलेले पुष्कळ वेळा सापडले आहे. आमच्या माहितीतील एका वृद्ध बागाईतदाराने दोन वर्षे अशी पुडी घेतली. चेहरा वाटोळा झाला, भूक वाढली, तेव्हा घरच्यांस वाटले, अंग धरले. पुढे मधुमेह निघाला. नंतर अंगणात पाय घसरण्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडले. बगीचा मक्त्याने गेला. मक्तेदाराने दोन बहार घेतले आणि झाडांस शेणखताची पाटी दाखविली नाही. जी झाडे वाळली ती आता परत येणार नाहीत. ज्यांस अशी पुडी चालू आहे त्यांनी ती मनाने एकाएकी बंदही करू नये, कारण तसे करण्यात जिवास धोका असतो. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ती किती दिवस घेतली हे न लाजता सांगावे.

आता औषधावाचूनच्या उपायांकडे वळावयाचे. परंतु तत्पूर्वी एक कुंपण घालणे अवश्य आहे. प्रत्येक सांधेदुखी एका जातीची नसते. वयपरत्वे व कामामुळे गुडघा झिजणे, जड काम केल्याने स्नायू अवघडणे, कंबर धरणे, ही साधी दुखणी. पुढील मजकूर त्यांच्यासाठीच आहे. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे तासाहून अधिक वेळ आखडलेली राहतात, मनगटे सुजतात, तर तो आमवात समजावा. त्यात पहिल्या काही महिन्यांतच योग्य औषध चालू न झाल्यास सांधे कायमचे वाकडे होतात, आणि तेथे केवळ शेकावर भिस्त ठेवणे म्हणजे किडलेल्या झाडास नुसते पाणी घालणे होय. एकच सांधा एकाएकी लाल, गरम होऊन ताप भरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कंबरेबरोबर पायातील शक्ती गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा पडल्यानंतर पाय टेकवेना, तरी तेच करावे.

आपल्या प्रांतात आणखी दोन गोष्टी सांभाळावयाच्या आहेत. पहिली सिकलसेलची. नागपूर भागात हा रक्तदोष आहे, हे शुक्ला व सोळंकी या दोघा डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केले. विदर्भातील अनेक समाजांत तो पिढीजात चालत आलेला आहे. या रोगात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे व सांधे असह्य ठणकतात. घरातील पोरगे वरचेवर हातपाय दुखतात म्हणून रडते, डोळे पिवळे दिसतात, तर त्यास कामचुकार म्हणू नये. रक्त तपासून घ्यावे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून तीत ही तपासणी सरकारी दवाखान्यांतून होते. अशा रोग्यास बर्फ लावू नये, गार पाण्याने न्हाऊ घालू नये. थंडीने पेशी अधिकच अडकतात. ऊब द्यावी, पाणी पाजावे व रुग्णालयात न्यावे. दुसरी गोष्ट चिकुनगुन्याची. १९६५ साली नागपुरात त्याची साथ येऊन गेली. २००६ साली तो साऱ्या विदर्भात पसरला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात नागपूरकरांनी तो पुन्हा अनुभवला. ताप चार दिवसांत जातो. सांधे मात्र कित्येकांचे महिनोन्महिने धरतात. ताप असेपर्यंत डॉक्टरांचा सल्ला. ताप गेल्यावर जी जखडण उरते, तीस पुढील उपायांपैकी शेक व हलका व्यायाम हे दोन्ही लागू पडतात.

उपायांत सर्वांत जुना व सर्वांत स्वस्त तो शेक. वाळूची पुरचुंडी, मिठाची पुरचुंडी, चुलीजवळ तापविलेली वीट, गरम केलेले एरंडाचे किंवा निरगुडीचे पान, हे सारे प्रकार आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आले आहेत. पानात गुण किती आणि उबेत किती, याविषयी वाद घालणारे घालोत. आमचे मत असे, की मोठा वाटा उबेचा आहे. उबेने त्या भागातील रक्ताभिसरण वाढते, आखडलेला स्नायू सैल पडतो व वेदनेची जाणीव मंदावते. पंधरा-वीस मिनिटांचा शेक पुरे. त्याहून अधिक वेळ दिल्याने लाभ वाढत नाही, कातडी मात्र भाजते. रुईच्या पानाविषयी थोडे जपून असावे. त्याचा चीक कातडीस फोड आणतो आणि डोळ्यात गेल्यास डोळ्यास इजा करतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी शेक दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावा. स्वतःस चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. लाल सळईने डागण्याची चाल अजून काही ठिकाणी ऐकू येते. ती बैलासही देऊ नये, मग माणसाची गोष्टच नको.

ताजा मार, मुरगळ व सूज यांस मात्र शेक नव्हे, गारवा हवा. धुऱ्यावरून पाय घसरून घोटा मुरगळला की घरात कोणीतरी तेल घेऊन बसतो व तो घोटा चोळून चोळून दुप्पट करतो. पहिले दोन दिवस चोळू नये. फडक्यात बर्फ गुंडाळून, नसल्यास माठाच्या पाण्याची घडी, दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. पाय उशीवर उंच ठेवावा, कापडी पट्टी बांधावी. दोन-तीन दिवसांनी सूज उतरली म्हणजे सांधा हळूहळू हलवू लागावे.

ऊन पाण्याच्या कुंडात बसण्याची आपल्या लोकांची श्रद्धा जुनी आहे. मोर्शी तालुक्यात मध्यप्रदेशाच्या सरहद्दीवर सालबर्डी येथे असा झरा आहे. पैनगंगेकाठचे उनकेश्वर तर संधिवाताच्या व त्वचारोगाच्या रोग्यांत प्रसिद्धच आहे. कोकणपट्टीत तानसा नदीकाठी वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे आहेत. या पाण्याने दुखणे हलके होते, हा लोकांचा अनुभव खोटा नाही. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले असता शरीराचे सुमारे निम्मे ओझे पाणी उचलते. त्यामुळे जो गुडघा जमिनीवर वाकत नाही, तो पाण्यात वाकतो, आणि वर उबेचा लाभ निराळा. परंतु झीज झालेले हाड कोणत्याही कुंडाच्या पाण्याने भरून येत नाही. घरी परत येऊन पुन्हा त्याच रीतीने काम केल्यास दुखणेही परत येते. शिवाय कुंड सार्वजनिक असल्याने जखम उघडी असता त्यात उतरू नये, आणि हृदयविकार असलेल्यांनी फार वेळ ऊन पाण्यात बसू नये. ज्यांस तेथवर जाणे जमत नाही, त्यांनी न्हाणीघरात कोपर बुडवून सहज सोसवेल इतक्या ऊन पाण्याची बादली घ्यावी. बोटांच्या व घोट्याच्या दुखण्यास तीच पुरते. ज्यास पोहता येते व ज्याच्या विहिरीस चांगल्या पायऱ्या आहेत, त्याने उन्हाळ्यात संथपणे पोहावे. गुडघ्यास याहून चांगला व्यायाम सापडणे कठीण.

पाणी व माती यांच्या उपचारांस आपल्या प्रांतात मोठी प्रतिष्ठा मिळाली ती महात्मा गांधींमुळे. लाइपझिगचा लुई कूने याचे जलोपचाराचे पुस्तक त्यांनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचले व त्याचे प्रयोग प्रथम स्वतःवर व घरच्यांवर केले. १९३६ साली ते वर्ध्याजवळ सेवाग्रामास येऊन राहिले, तेथेही रोग्यांची शुश्रूषा हे त्यांचे नित्याचे काम असे. १९४२ साली आगाखान महालात स्थानबद्ध असता त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात माती, पाणी, आकाश, सूर्य व हवा यांवर प्रकरणे आहेत. पुढे मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळ उरुळीकांचन येथे गेले, खेड्यातील गोरगरिबांसाठी निसर्गोपचाराचे काम तेथे उभे केले आणि ते मणिभाई देसाई यांच्या हाती सोपविले. हेच ते मणिभाई, ज्यांनी १९६७ साली बाएफ ही संस्था स्थापून गाईंच्या संकराचे काम खेडोपाडी नेले; आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या गोठ्यात त्यांच्या कामाचे फळ उभे असेल. उरुळीकांचनचा आश्रम आजही चालू आहे आणि सांधेदुखीचे रोगी तेथे आहार, मातीचा लेप, बाष्पस्नान, मालीश व योगासने यांसाठी जाऊन राहतात.

मातीच्या लेपाविषयी आमचे मत मध्यम आहे. ओल्या मातीची थंडाई सुजलेल्या भागास बरी वाटते. गरम चिखलाचे लेप हंगेरी, इस्राएल इत्यादी देशांतही देतात व त्यांनी काही काळ आराम पडतो, असे तेथील प्रयोगांतून दिसले आहे. पण माती कोणती? संत्र्याच्या आळ्यातील माती मुळीच घेऊ नये. तीत फवारणीची विषे उतरलेली असतात. वावराच्या बाहेरची, हातभर खोल खणून काढलेली, चाळून उन्हात चांगली वाळविलेली घ्यावी, आणि जखमेवर ती कधीही लावू नये, कारण मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. निसर्गोपचाराच्या कैवाऱ्यांस आम्ही एका गोष्टीची आठवण देऊ. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असता गांधीजींचे आंत्रपुच्छ सुजले, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मातीवर त्यांची श्रद्धा होती. पण वेळ आली तेव्हा त्यांनी शस्त्र नाकारले नाही.

मालिशीने अंग हलके होते व झोप लागते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या (स्थापना १९१४) संस्थांनी विदर्भात आखाड्याची विद्या जिवंत ठेवली, आणि आखाड्यात अंग रगडण्यास मान असतोच. तेल तिळाचे असो, मोहरीचे असो की जवसाचे, फरक फारसा पडत नाही, हात महत्त्वाचा. स्नायू चोळावा, सांध्याची वाटी चोळू नये. हाडावर जोर देऊ नये. मान किंवा कंबर 'कडकन' मोडून देणाऱ्या गावठी हाडवैद्याकडे मान देणे आम्हांस धोक्याचे वाटते. एका पिंढरीस एकाएकी सूज येऊन ती गरम व दुखरी झाली, तर ती कदापि चोळू नये. आत रक्ताची गाठ असल्यास ती सुटून फुप्फुसात जाते.

हे सारे उपाय दुखणे हलके करतात. ते मागे हटवितो तो व्यायाम, आणि नेमके हेच आमच्या लोकांस पटत नाही. 'दिवसभर वावरात राबतो, आता आणखी व्यायाम कशाला?' हा प्रश्न आम्हांस शंभरदा ऐकावा लागला आहे. उत्तर असे, की शेतकाम शरीरास थकविते, पण सर्व स्नायूंस सारखे बळ देत नाही. निंदणात मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत आखडून राहतो. तो बळकट होत नाही. गुडघ्यावर येणारा धक्का झेलण्याचे काम मात्र त्याच स्नायूचे. तो निर्बळ झाला की सगळा धक्का कूर्चेवर बसतो. यासाठी खुर्चीवर किंवा ओट्यावर बसावे, एक पाय गुडघ्यात सरळ करून उचलावा, मनात दहा अंक मोजावे, खाली ठेवावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. नंतर निजून गुडघ्याखाली गुंडाळलेला पंचा ठेवून तो खाली दाबावा. पुढे जमू लागले म्हणजे हाताचा टेकू न घेता खुर्चीवरून उठण्या-बसण्याची सवय करावी. थोडे दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते शमत असेल तर व्यायाम बेताचा आहे, न शमल्यास निम्मा करावा. आठ दिवसांत गुण पाहू जाणारा निराश होतो. दीड-दोन महिने नेम धरावा लागतो. संत्र्याचे रोप लावून बहारासाठी चार-पाच वर्षे थांबणाऱ्या माणसास दोन महिने जड वाटू नयेत.

याच जोडीस वजन. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली गुडघेदुखीच्या स्थूल रोग्यांची चाल मोजून असे दाखविले, की अंगावरील एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. बागाईत आल्यापासून, पायी वावरात जाणे सुटून फटफटी आल्यापासून, आमच्या तालुक्यात पोट सुटलेल्या जमीनदारांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी झाली आहे. त्यांस वेगळे पथ्य सांगण्याची गरज नाही. चहातील साखर, तळण व रात्रीचे उशिराचे जेवण कमी करावे. काठीची लाज धरू नये, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. पुष्कळ लोक ती दुखऱ्या बाजूसच धरतात व तिचा अर्धा उपयोग गमावतात. शौचास उकिडवे बसणे जड जात असेल तर घरात उंच बैठक करून घ्यावी. हा खर्च एका मजुराच्या काही दिवसांच्या मजुरीहून अधिक नाही. योगासनांविषयी येथे विस्तार करीत नाही. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून आसनांची शास्त्रीय परीक्षा आरंभिली, आणि नागपुरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने त्यांचे शिक्षण घरोघर नेले. आसने जाणत्याकडून शिकावी, पुस्तकात चित्र पाहून नव्हे.

कंबरेविषयी लोकांचा समज नेमका उलटा आहे. कंबर धरली की माणूस खाटेवर आठ-पंधरा दिवस पडून राहतो. पूर्वी डॉक्टरही तसेच सांगत. आता मत पालटले आहे. साध्या कंबरदुखीत दिवसदोन दिवसांहून अधिक निजून राहिल्याने पाठीचे स्नायू गळतात व दुखणे लांबते. सोसेल तितके चालावे, हलके काम चालू ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांस कंबरदुखी होती. त्या संघटनेने ७ डिसेंबर २०२३ रोजी जुनाट कंबरदुखीसंबंधी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात रोग्यास नीट समजावून देणे, व्यायाम, मालीश यांसारखे उपाय सुचविले आहेत; आणि कंबरपट्टा बांधणे, वजने लावून ताण देणे, हे नित्याचे उपाय म्हणून करू नयेत असे म्हटले आहे. आमच्याकडे औषधाच्या प्रत्येक दुकानात पट्टे टांगलेले असतात आणि ज्याची कंबर दुखली तो प्रथम पट्टा आणतो. पट्ट्याचे दुकान बंद पाडण्याचा आमचा हेतू नाही. पण तेच पैसे निवारेच्या ढिल्या खाटेऐवजी बऱ्या गादीवर खर्चावे.

आता जू तपासण्याकडे येऊ, कारण कामाची रीत न बदलता शेकत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून पाणी उपसणे आहे. पूर्वी क्विंटलभराचे पोते एकट्याने पाठीवर घेणे ही मर्दुमकी समजली जाई. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने नेहमी उचलावयाचे ओझे ५५ किलोंहून अधिक नसावे अशी शिफारस केली. ओझ्यासंबंधीचा त्याच वर्षीचा करार भारताने २०१० साली मान्य केला. पोते उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, पोते छातीस लावून घ्यावे, आणि ते हाती असता कमरेत पीळ देऊन वळू नये, पाय वळवावे. संत्र्याची भरलेली कॅरेट वीस-पंचवीस किलोंची असते. ती जमिनीवरून उचलून ट्रकवर फेकण्याऐवजी मध्ये बंडी किंवा एखादे कमरेइतके उंच बाक ठेवल्यास दिवसाअखेर केवढा फरक पडतो, हे आम्ही तोडणीच्या माणसांकडून ऐकले आहे. सोयाबीनच्या सोंगणीस राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा वापरावा. त्यास झटका द्यावा लागत नाही, त्यामुळे मनगट व खांदा वाचतो. कापूस वेचताना कमरेची ओटी गच्च भरेपर्यंत वाट पाहू नये.

सर्वांत कठीण प्रश्न निंदणाचा, कारण ते दुखणे आपले नसून आपल्या वावरात रोजाने येणाऱ्या बायांचे असते. सकाळपासून उकिडवे बसून तासामागून तास सरकत जाणे, यात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर सतत दाबली जाते. चाळिशीच्या आतच या बायांच्या गुडघ्यांतून करकर आवाज येऊ लागतो, आणि त्यांच्या घरी बाजारची पुडी सर्वांआधी पोचते. कपाशी व तुरीच्या दोन तासांमधले तण उभ्याने ढकलावयाच्या सायकल डवऱ्याने निघते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनेही अशी हाती ढकलण्याची चाकांची कोळपी तयार केली आहेत. झाडालगतचे तण मात्र खुरप्यासच येते. तेथे बसावयास लहान पाट दिला, तर बाया तो दोन तासांत धुऱ्यावर ठेवून देतात, कारण प्रत्येक वेळी पुढे सरकविणे त्रासाचे. याहून उपयोगी पडते ते काम बदलून देणे: सकाळी निंदण, दुपारनंतर उभ्याने करावयाचे काही, आणि निंदण चालू असता अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटे उठून चालण्यास मोकळीक. मुकादमास हे आवडत नाही. तास कमी निघतील असे त्यास वाटते. पण दुपारनंतर हात मंदावतात ते याच न उठण्यामुळे.

फवारणीच्या पंपाचेही असेच. सोळा लिटर पाणी आणि पंपाचे स्वतःचे वजन मिळून वीस किलोंच्या आसपास ओझे होते. ते पाठीस बांधून चिखलात चालावयाचे, आणि एका हाताने दांडा मारावयाचा. टाकीत दहाच लिटर पाणी घ्यावे, औषधाचे माप त्या मानाने कमी करावे, पट्टे रुंद व दोन्ही खांद्यांवर सारखे ओढलेले असावे, आणि दर टाकीस दांड्याचा हात पालटावा. टाकी उचलून पाठीस घेताना ती बंडीच्या पाटीवर ठेवून आत शिरावे, जमिनीवरून वाकून घेऊ नये. दहा लिटरने फेऱ्या वाढतात, एकराचे काम तासाभराने लांबते; यावर गडी कुरकुरत नाही, कुरकुरतो तो धुऱ्यावर उभा असलेला मालक.